बुटीकच्या पाटीवर 'शिंपी' का नको?

गेल्या वर्षी भाचीने नाशिकच्या गंगापूर रोडला एक गाळा भाड्याने घेतला. तीन शिलाई मशीन, एक इंटरलॉक, कापड बेतायला लांब टेबल, भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा. सगळं लागलं, पाटी तेवढी राहिली. मी आयुष्यभर वर्तमानपत्राची मुद्रितं तपासली, त्यामुळे घरात शब्दावरून काही अडलं की फोन माझ्याकडे येतो.

"मामा, पाटी मराठीत पाहिजे. बुटीकला मराठीत काय म्हणायचं?"

"तू तिथे करणार काय ते सांग."

"डिझायनर ब्लाऊज, लेहंगे, शिवलेल्या नऊवारी, पैठणीचे वनपीस."

"म्हणजे शिवणार. मग शिंपी लिही."

फोनवर दोन-तीन सेकंद नुसती शांतता. मग एकच शब्द आला, "मामा, प्लीज!"

त्या 'प्लीज'मध्ये काय काय भरलेलं होतं, ते तेव्हापासून उलगडून बघतोय.

पाटी मराठीत हवी हा काही तिचा हट्ट नव्हता. राज्याने २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी मराठी पाटी सक्तीची केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, ती नोव्हेंबरअखेरीस संपली. त्या दिवाळीच्या आगेमागे कॉलेज रोडवर शिड्याच शिड्या लागल्या होत्या. आता त्या रस्त्याने जा आणि पाट्या वाचा. 'डिझायनर स्टुडिओ', 'एथनिक वेअर', 'लेडीज टेलर', 'ब्रायडल कूट्यूर'. शेवटची वाचायला मला फुटपाथवर थांबावं लागलं. र्‍हस्व-दीर्घ शोधायची सवय, पण इथे चूक काढायची तरी कशात? अक्षरं सगळी देवनागरी, कायदा खूष, आणि आत माणूस नेमकं काय करतो हे मराठीत सांगणारा एकही शब्द नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कापड बेतून, शिवून अंगाला बसवणाऱ्या माणसासाठी मराठीत 'शिंपी' हा शब्द आहे. तो जातीच्या दाखल्यात आणि आडनावात अडकून पडलाय. तो तिथून सोडवून दुकानावर लावावा. शिवणारा कुठल्याही जातीचा असो, बाई असो की बाप्या.

आधी शब्दांची कुंडली बघू. इंग्रजी 'टेलर' फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी कापणं आहे. टेलर म्हणजे कापणारा. हिंदी-उर्दूतला 'दर्जी' फारसी 'दर्ज'वरून आला. दर्ज म्हणजे शिवण, टाक्याची रेघ. म्हणजे एकाने कातर पाहिली, दुसऱ्याने सुई. आणि आपला शिंपी? त्याची वाट भाषेचे अभ्यासक संस्कृत 'शिल्पिन्'पर्यंत नेतात. शिल्पी! ज्या शब्दाने मूर्तिकाराला गौरवायचं, तोच झिजत झिजत आपल्या गल्लीत येऊन मशीनवर बसला. तिघांत सगळ्यात मानाचा शब्द आपल्याकडे, आणि लाजही त्याचीच.

भाचीसाठी नवे शब्द घडवूनही पाहिले, नाही असं नाही. नाशिकला ही हौस जुनी आहे. भगूरच्या सावरकरांनी घडवलेला 'महापौर' आज महापालिकेत खुर्चीवर बसतो, आणि त्याच हौसेतून फाउंटन पेनला दिलेली 'झरणी' कुठे झरून गेली कोणाला पत्ता नाही. मी 'वस्त्रशिल्पी' म्हणून पाहिलं. सत्कार समारंभात शोभेल, पण ब्लाऊज टाकायला निघालेली बाई "वस्त्रशिल्पीकडे जाऊन येते" म्हणणार नाही. 'वेशभूषाकार' चांगला आहे, रुळलेलाही आहे. 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मराठी वर्तमानपत्रं हेच म्हणायची, आणि मीही तो शब्द कित्येकदा तपासून सोडलाय. पण त्या शब्दाला नाटक-सिनेमा लागतो, पात्र लागतं. लग्नाला शालू शिवलेल्या ब्लाऊजवर नेसणारी बाई कोणाची भूमिका करत नसते.

शेवटी एक शब्द सुचला, तो मला अजून आवडतो. कापड 'बेतणं' हे क्रियापद बघा. कापडाचा पन्हा किती, अंग किती, नक्षी कुठे यायला हवी, काठ बाहीवर आणायचा की पाठीवर, हा सगळा विचार करून कापडावर खडूने रेघ मारायची आणि मग कातर चालवायची, याला बेतणं म्हणतात. विचार आणि कापणं दोन्ही एकाच शब्दात. त्याच घरातले बेत, बेताचं, बेतशीर. इंग्रजीतल्या डिझाईनला याहून जवळचं मराठीत काही नाही. मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितलं, "बेतकार लिही."

"मामा, बेतकार घाईत वाचलं तर बेकार दिसतं."

मुद्रितशोधकाला हे आधी दिसायला हवं होतं. विषय संपला.

तर शिंपी. तिची अडचण काय, ते मी नंतर तिला घरी बसवून विचारलं. तिची दोन म्हणणी होती. एक, शिंपी म्हटलं की लोक आधी जात विचारतात. दोन, शिंप्याला कोणी ब्लाऊजचे दोन हजार देत नाही. दोन्ही खरी आहेत. पहिल्यापासून सुरू करतो, कारण ते जास्त अवघड आहे.

गावगाड्यात शिंपी अलुतेदारांत मोजला जायचा. आज ओबीसींच्या यादीत शिंपी ही जात आहे. नामदेव शिंपी, अहिर शिंपी ही नावं नाशकात सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्या घरांतली मुलं बँकेत, शाळेत, आयटीत आहेत. कित्येक घरांत तीन पिढ्यांत कोणी मशीनला हात लावलेला नाही. उलट आज शहरात जे शिवतात त्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले मुसलमान कारागीर आहेत, मराठा, माळी, दलित घरांतल्या बाया आहेत, ब्राह्मण घरातली माझी भाचीही आहे. म्हणजे जात आणि धंदा कधीच वेगळे झालेत, शब्द मात्र जातीकडे राहिला आणि धंदा शब्दाविना झाला. कोणी म्हणेल, जातीचं नाव दुसऱ्याने धंद्यासाठी कसं घ्यायचं? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द चिकटवला गेला, त्यांना तो नको असेल तर तो त्यांचा अधिकार. पण दुसरी बाजूही बघा. 'सुतार बोलवा' म्हणताना आपण जात विचारत नाही. सुतार हीसुद्धा जात आहे, तरी दार घासायला आलेल्या राजस्थानी माणसालाही आपण सहज सुतार म्हणतो. तो शब्द कामाचा राहिला. शिंप्याचं तसं झालं नाही, कारण मधल्या काळात टेलर आला आणि कामाचा अर्थ घेऊन गेला. मागे उरली ती फक्त जात. शब्द वापरायचं सोडल्याने जात गेली नाही. उलट वापर थांबला म्हणून त्यात दुसरं काही उरलं नाही.

आणि या शब्दाला कमीपणा आणण्यात आपल्या म्हणींचा हात काही थोडा नाही. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.' सोनार सोनं ढापतो, शिंपी कापड ढापतो, कुलकर्णी जमीन ढापतो, असा या म्हणीचा सूर. यातल्या कुलकर्ण्यांचं पुढे उत्तम झालं. सोनारांनी सराफ बाजारात ज्वेलर्सच्या पाट्या लावल्या. शिंपी तेवढा म्हणीतच राहिला. त्याच शब्दाची दुसरी ओळख मात्र आपण पायरीवर ठेवून आलो. पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी ज्यांच्या नावाची, ते नामदेव शिंपी होते, आणि त्यांनी ते कधी झाकलं नाही. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांच्या ज्या ६१ रचना आहेत, त्यांतल्या एकीत मन हा मापायचा गज आहे, जीभ ही कातर आहे, आणि त्या कातरीने ते यमाचा फास मापून मापून कापतात. सोन्याची सुई, रुप्याचा दोरा तिथेच. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ही हत्यारं देवापुढे न्यायला लाज वाटली नाही, आणि आपल्याला ती कॉलेज रोडवर न्यायला वाटते.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो.

दहीपुलाजवळच्या एका गल्लीत माझे मास्टर बसतात. माझ्या लग्नातला सफारी त्यांच्या वडिलांनी शिवला होता. मध्यंतरी शर्ट टाकायला गेलो. त्यांनी टेप गळ्यातून काढली आणि माझ्याभोवती फिरत आकडे म्हणू लागले, "लांबी एकोणतीस, शोल्डर अठरा, बाही साडेतेवीस," आणि पोऱ्या पावतीपुस्तकात उतरवत होता. पावतीला कापडाचा बोटभर तुकडा टाचला. मग टेप गुंडाळताना, माझ्याकडे न बघता, मास्टर पोऱ्याला म्हणाले, "उजवा पाव कमी." मी विचारलं, म्हणजे काय? "साहेब, तुमचा उजवा खांदा उतरलाय. त्या बाजूने पाव इंच कमी बेतलं की शर्ट सरळ दिसतो." चाळीस वर्षं उजव्या खांद्याला शबनम लटकवून मी प्रेसमध्ये गेलो. बायकोला दिसलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्या माणसाने तीस सेकंदात ओळखलं, आणि आरशासमोर मला न लाजवता कापडातच ते मिटवून टाकलं.

मी त्यांना विचारलं, डिझायनर आणि तुमच्यात फरक काय? ते म्हणाले, "डिझाईन तर गिऱ्हाईकच मोबाइलवर घेऊन येतं. मोबाइलमधल्या पोरीचं अंग वेगळं, हिचं वेगळं. ते हिच्यावर कसं बसवायचं, ते आम्ही बघतो." दुकानात कापायचा हक्क फक्त त्यांचा. मागे मशीनवर दोन कारागीर, त्यांचे पैसे नगावर. शिवण चुकली तर उसवता येते, कातर चुकली तर गिऱ्हाईकाची साडी गेली. म्हणून धोका मास्टरच्या डोक्यावर आणि मानही. काज-बटणाला वेगळा माणूस, रफूला आणखी वेगळा, आरीकामाला, म्हणजे आरीने करायच्या भरतकामाला, भद्रकालीतून मुलगा येतो. त्या दहा-बाय-बाराच्या दुकानात पाच कामांना पाच नावं आहेत. कॉलेज रोडच्या काचेवर या पाचांचं मिळून एक 'डिझायनर' होतं आणि चारजण मागच्या खोलीत जातात.

इथे फ्रेंचांकडे बघण्यासारखं आहे, कारण आपल्या सगळ्या बुटीकांचं माहेर तेच. पॅरिसमध्ये १६७५ मध्ये शिवणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ काढायची राजाकडून परवानगी मिळाली, त्या 'कूट्यूरिएर'. मूळ अर्थ शिवणारी, बस. पुढे १८५८ मध्ये चार्ल्स वर्थ नावाच्या इंग्रजाने तिथे दुकान काढलं, राण्यांचे झगे शिवले आणि कपड्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवायला सुरुवात केली. बायकांच्या त्या शब्दाचं पुल्लिंगी रूप, 'कूट्यूरिए', मग कलावंताला लागलं. आजही त्या भाषेत पुल्लिंगी शब्द म्हटला की मोठा कलाकार डोळ्यांपुढे येतो आणि स्त्रीलिंगी म्हटला की गल्लीतली शिवणारी बाई. १९४५ पासून तिथे 'ओत कूट्यूर', म्हणजे उंची शिवण, हे नाव कायद्याने राखलेलं आहे, मान्यता मिळाल्याशिवाय फॅशनच्या कुठल्याही घराण्याला ते लावता येत नाही. आणि त्या मान्यताप्राप्त घराण्यांत प्रत्यक्ष टाके घालणाऱ्यांना काय म्हणतात? 'छोटे हात'. म्हणजे शब्द उसना आणताना त्यातली उतरंडही आपण अंगाला लावून घेतो.

आपल्याकडे ही उतरंड आणखी खोल आहे, कारण शिवणाऱ्या बाईला मराठीत नामच नाही. शिंपीण म्हणावं, तर ती शिंप्याची बायको वाटते. सिडकोत, सातपूरला घरांच्या जाळीला टांगलेल्या पाट्या आठवा. 'येथे ब्लाऊज शिवून मिळतील.' 'पिको-फॉल करून मिळेल.' मी व्याकरणाचा माणूस, त्या वाक्यात कर्ता शोधतो. सापडत नाही. ब्लाऊज मिळतील, पण देणारी कोण? शेजारीण म्हणते, "ती ना, ती शिवणकाम करते." क्रिया आहे, करणारी नाही. तिने वीस वर्षं शिवलं, तीन कॉलन्यांतल्या लग्नांचे ब्लाऊज शिवले, कटोरी, प्रिन्सेस कट, सगळे गळे तिच्या हाताखालून गेले, तरी ती फक्त 'काम करते'. म्हणून मला शिंपीण नको आहे. डॉक्टर, वकील, न्यायाधीश हे बाईला जसेच्या तसे चालतात, तसा शिंपीही चालावा. त्या शिंपी आहेत. म्हणून पाहा दोनदा, कानाला बसतं.

येवल्याचीही तीच गत, थोडी वेगळ्या अंगाने. तिथे विणकर हा शब्द आहे आणि तो मानाने टिकलाय. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पदरावरचा एक मोर विणताना रंगागणिक वेगळी छोटी कांडी हाताने फिरवावी लागते, मागावर दोऱ्यांचं जंगल झालेलं असतं. महिनोन्‌महिने बसून केलेल्या त्या पदरावर नाव मात्र नसतं; पिशवीवर असतं, दुकानाचं. तरी विणकर म्हणता तरी येतं. त्याच पैठणीचा ब्लाऊज बेतणाऱ्याला, मोर बरोबर दंडावर यावा म्हणून एक वीतही वाया न घालवता कापड फिरवणाऱ्याला, काय म्हणायचं इथे आपण अडतो.

सरकारचं मात्र अडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत टेलर आहे आणि त्याला जोडून 'दर्जी' लिहिलेलं आहे. अवजारांसाठी पंधरा हजार, आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज, पाच टक्के व्याजाने. त्या यादीत डिझायनर नाही. कर्ज हवं असेल तेव्हा माणसाला हाताचं काम सांगावंच लागतं.

राहिला भाचीचा दुसरा मुद्दा, पैशाचा. इथे मी थोडा मागे सरतो. ती म्हणाली, "तुझे मास्टर पाव इंच ओळखतात, बरोबर. शर्टाचे किती घेतले?" मी आकडा सांगितला. "मी तेवढ्याच शिलाईच्या कामाचे चौपट घेते, कारण माझ्या पाटीवर डिझायनर आहे. तू शब्द वाचवायला निघालायस, भाडं कोण भरणार?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. शब्दाने दर वाढतो हे खरंच आहे, आणि वर्थने नावाची पट्टी शिवली ती काही हौसेने नाही. पण मग दर वाढतो कोणाचा? तिच्या तीन मशीनवरच्या तिघींना नगाचे किती मिळतात, हे मी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. पाटीवर कामाचं नाव असेल तर गिऱ्हाईक कामाचे पैसे देतं आणि ते काम करणारी हिशेबात येते. पाटीवर नुसतं वलय असेल तर पैसे वलयाच्या मालकाला. आज शिंपी लिहिलं तर उद्या भाव कोसळेल, हेही मी नाकारत नाही. म्हणून पहिली पाटी तिनेच लावावी असं वाटतं, जिचा भाव आधीच चढलाय. दहीपुलाजवळच्या मास्टरांना मी हे सांगायला जाणार नाही. 'टेलर' पुसून 'शिंपी' करायचा खर्च आणि त्याची किंमत, दोन्ही त्यांच्या खिशातून जातील.

आठवडाभराने तिचा फोन आला. तह झाला होता. वर तिचं नाव, खाली 'शिंपी', त्याखाली लहान अक्षरात 'बेतणं, शिवण, आरीकाम'. डिझायनर गाळला होता, बुटीकही. मला खरंच आनंद झाला, आणि कबूल करतो, थोडं आश्चर्यही वाटलं.

पाटी लागल्यावर बघायला गेलो. अक्षरं कापणाऱ्या मुलाला मजकूर व्हॉट्सॲपवर गेला होता. वर नाव, खाली शिंपी, हे त्याला काही पटलं नाही. त्याने दोन्ही एका ओळीत, एका आकारात, सोनेरी अक्षरांत बसवलं होतं. मुद्रित माझ्याकडे तपासायला कोणी पाठवलं नव्हतं. आत एक गिऱ्हाईक बाई ट्रायल घेत होत्या आणि आरशातून भाचीला म्हणत होत्या, "शिंपी मॅडम, बाही जरा सैल करा ना." भाचीने माझ्याकडे बघितलं, तोंडात टाचण्या होत्या म्हणून काही बोलली नाही, आणि मुंढ्याजवळ खडूने खूण केली.